माफीची सिगारेट

माफी मागायची मला एकच रीत ठाऊक होती. आधी माणसाला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलायचं, आणि मग चहाच्या सुट्टीत त्याला कारखान्याच्या गेटबाहेर नेऊन सिगारेट पाजायची. टपरीवर दोन घ्यायच्या, एक त्याला द्यायची, एक आपण पेटवायची, आणि ती संपेपर्यंत भलत्याच विषयावर बोलत राहायचं. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, पैठण रोडचं काम कधी संपणार, असलं काहीतरी. सिगारेट पायाखाली विझली की प्रकरण मिटलं. ‘माझं चुकलं’ हे शब्द तोंडातून काढावे लागत नसत. वीसेक वर्षं मी असा वागलो आणि स्वतःला मोठ्या मनाचा समजत राहिलो.

चितेगावचा आमचा कारखाना गाड्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग बनवतो. मी तिथं प्रेस शॉपचा सुपरवायझर आहे. प्रेस म्हणजे पत्र्यावर दाब देऊन त्याला आकार देणारं दोन पुरुष उंचीचं यंत्र, आणि त्याच्या पोटात जो लोखंडी साचा बसवतात त्याला आम्ही डाय म्हणतो. डाय जराशी तिरकी बसली की सगळा माल भंगारात. वरून मला फोन येतो, मग मी खाली ओरडतो. मशिनचा आवाज असतो म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं, असं मी सांगायचो. पण मशिन बंद असतानाही माझा आवाज तेवढाच असायचा. आमच्या घरातच ते होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी वडील गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे आणि पाच मिनिटांत विसरून जायचे. मी त्यांचाच मुलगा. ओरडून झालं की मला हलकं वाटायचं. भूकसुद्धा चांगली लागायची.

लाइनवरच्या लोकांनी माझ्या या रीतीची थट्टा चालवली होती. सुट्टी झाली आणि मी गेटकडं निघालो की कुणीतरी विचारायचं, “साहेब, आज कुणाचा नंबर?” करमाडहून येणारा एक ऑपरेटर तर भलता तोंडाळ. एकदा त्याला बोललो आणि बाहेर नेलं, तर म्हणाला, “एका सिगारेटीत नाय भागणार साहेब. तुम्ही माझ्या बापाचं पण नाव काढलंत. बापाची वेगळी द्या.” मी हसत दुसरी घेतली. टपरीवाल्यासमोर त्यानं मला दोन-चार सुनावल्या, मी त्या ऐकून घेतल्या. त्याच्या पोटात काही उरलं नाही, माझ्याही नाही. असा हिशोब सगळ्यांशीच जमतो असं मला वाटायचं.

मिस्त्रींशी तो जमत नव्हता, आणि हे कळायला मला फार वेळ लागला.

मिस्त्री म्हणजे आमचे डाय बसवणारे. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे, शहरातल्या शहागंजात मागच्या बोळात राहायचे, कंपनीच्या बसनं यायचे. घरी दखनी, आमच्याशी दखनी आणि मराठीची खिचडी. बोलणं मुळातच मोजकं. डाय बसवताना ते नुसत्या बोटानं कड चाचपून सांगायचे की इकडून कागदाएवढी पट्टी घाला, आणि ते बरोबर निघायचं. एवढा हातचा जाणकार माणूस मी किती वेळा झापला असेन, याची मला आता मोजदाद करवत नाही. एरवी मी त्यांना अहो-जाहो करायचो. भडकलो की थेट अरे-तुरेवर यायचो. ते मान खाली घालून हातातला पाना पुसत राहायचे. त्या पुसण्याचाच मला जास्त राग यायचा.

ते सिगारेट ओढत नव्हते. पहिल्यांदा त्यांना गेटबाहेर नेलं आणि सिगारेट पुढं केली, तेव्हा त्यांनी हात छातीवर ठेवून म्हटलं, “मैं नै पीता साब.”

“धरा हो. का अजून राग आहे माझ्यावर?”

हे मी अगदी सहज बोललो होतो. पण आता नाही म्हणणं म्हणजे राग आहे असं सांगणं झालं, आणि राग आहे असं सांगणं या माणसाला कधी जमलंच नव्हतं. त्यांनी सिगारेट घेतली. पहिल्या झुरक्याला डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले. मी त्यांच्या पाठीत थोपटून हसलो.

मी बोलत गेलो आणि ते ओढत गेले. वर्षा-दीड वर्षात ते माझ्याशिवायही टपरीवर दिसू लागले. आमच्या ओढण्यातही फरक होता. मी बोलता बोलता ओढायचो, अर्धी तर हातातच जळून जायची. मिस्त्री एका बाजूला उभे राहून, एक अक्षर न बोलता, बोटाला चटका बसेपर्यंत ओढायचे, आणि धूर इतका वेळ आत ठेवायचे की बाहेर येतो की नाही असं वाटावं. एकदा मी म्हटलं, “मिस्त्री, सावकाश. कुणी हिसकावून घेत नाही.” ते हसले. म्हणाले, “आप बोल के खाली हो जाते साब. मेरेकू वो नै आता. मैं ये पी के होता.”

तेव्हा मला हे वाक्य आवडलं होतं. मी ते दोघा-तिघांना सांगितलंही होतं.

घरी त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. निघताना बडीशेप चघळायचे, लिंबाच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. आमच्या कपड्यांना प्रेसच्या तेलाचा वास असतो, त्याखाली सगळे वास झाकले जातात. त्यांच्या घरात कुणीच कधी विडी-सिगारेट ओढली नव्हती. हे मला माहीत होतं. बडीशेपेची पुडी कित्येकदा मीच टपरीवरून घेऊन त्यांच्या खिशात टाकली आहे.

एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या डायला तडा गेला आणि लाइन दिवसभर बंद पडली. मॅनेजर येऊन गेले आणि मी मिस्त्रींवर तुटून पडलो. सगळी लाइन हातातलं काम सोडून ऐकत होती. नजर गेली असेल तर चष्मा घाल, हात थकले असतील तर घरी बस, शहागंजात दुकान टाक, असं बरंच काही. ते पाना पुसत राहिले. चार दिवसांनी त्या करमाडच्या ऑपरेटरनं मला बाजूला घेतलं. “साहेब, एक बोलू का? मिस्त्रीनं डाय उतरवा म्हणून वहीत लिहिलं होतं. तुम्हीच म्हणलात, एवढी ऑर्डर काढून घेऊ, मग उतरवू. तुमची सही हाय.”

मी वही पाहिली. सही माझीच होती.

मिस्त्रींकडं गेलो. “अहो, मग सांगायचं ना त्या दिवशी.”

“आप गरम थे,” ते म्हणाले. तेवढंच.

मी त्यांना बाहेर नेलं. त्या दिवशी दोन सिगारेटी दिल्या, एकीमागून एक. माझ्या लेखी ती दुप्पट माफी होती.

आता गेल्या वर्षीच्या तपासणीबद्दल. हे लिहायचं मी पुढं ढकलत होतो.

वर्षातून एकदा कंपनीत डॉक्टर येऊन सगळ्यांची तपासणी करतात. कॅन्टीनमध्ये टेबलं लावतात. आधी प्रत्येकानं एक फॉर्म भरायचा असतो: तंबाखू, सिगारेट, दारू, छातीत दुखणं, धाप लागणं, साखर, रक्तदाब, आणि प्रत्येकापुढं हो किंवा नाही. ज्याच्या फॉर्मवर ‘हो’ असेल त्याचा ईसीजी काढायला त्याला आतल्या खोलीत बसवायचे, त्यात अर्धा-पाऊण तास जायचा. त्या आठवड्यात माल द्यायला आम्हाला उशीर झाला होता. मी फॉर्मचा गठ्ठा आदल्या दिवशी माझ्या टेबलावर घेतला आणि माझ्या लाइनच्या सगळ्यांच्या फॉर्मवर स्वतःच ‘नाही’च्या खुणा करून टाकल्या. वरपासून खालपर्यंत, नाही, नाही, नाही. नंतर एकेकाला बोलावून सही घेतली. कुणी तक्रार केली नाही. उलट लोकांना ते बरंच वाटायचं. फॉर्मवर ‘हो’ आलं की प्रेसवरून काढून झाडलोटीला टाकतात, अशी एक भीती सगळ्यांच्या मनात असते. अशा खुणा मी आधीच्या वर्षीही केल्या होत्या. दुसऱ्या लाइनचे सुपरवायझरही करतात. पण मी दुसऱ्यांबद्दल लिहीत नाही.

त्याच आठवड्यात मिस्त्री जिना चढताना मध्येच थांबलेले मी दोनदा पाहिले होते. जबडा चोळत होते. विचारलं, तर म्हणाले, “गॅस है साब.” मी म्हटलं, रात्रीचं बिर्याणीचं जेवण कमी करा. ते हसले.

तपासणीच्या दिवशी मी कॅन्टीनच्या दारात उभा राहून माणसं पुढं ढकलत होतो. मिस्त्रींचा नंबर आला. तरुण डॉक्टर होता. त्यानं फॉर्मवर नजर टाकली, रक्तदाब घेतला, तो थोडा जास्त निघाला. त्यानं मान वर करून विचारलं, “सिगारेट, तंबाखू काही नाही ना? छातीत दुखत वगैरे?”

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं.

फार तर एक सेकंद पाहिलं असेल. त्या नजरेत मदत मागणं नव्हतं, रागही नव्हता. साहेबानं ‘नाही’ लिहिलंय, आता काय सांगू, एवढंच होतं. मी घड्याळावर बोट ठेवलं. घाई करा, असं.

“नाही,” मिस्त्री मराठीत म्हणाले.

डॉक्टरनं मीठ कमी खायला सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं. माझी लाइन अकराच्या आत सुरू झाली. मी खूश होतो.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी मिस्त्री कामावर आले तेच राखेसारखा चेहरा घेऊन. तरी त्यांनी डाय चढवायला घेतली. तास-दीड तास ते छातीतली कळ घेऊन काम करत होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही बोलले नाहीत. शेवटी प्रेसच्या पायाशी बसले ते उठेचनात. मी माझ्या गाडीत घालून त्यांना पैठण रोडनं शहरात आणलं. वाटेत घामानं चिंब झालेला तो माणूस मला सांगत होता की डावीकडचे दोन बोल्ट आवळायचे राहिलेत, कुणाला तरी सांगा.

जालना रोडवरच्या एका दवाखान्यात त्यांना दाखल केलं. डॉक्टरबाई होत्या, पन्नाशीच्या, शांत. त्यांनी लगेच आत घेतलं. नस बंद झाली होती. ती उघडून त्यांनी स्टेंट बसवला. जीव वाचला. पण दुखणं इतका वेळ अंगावर काढल्यामुळं हृदयाचा एक भाग कामातून गेला तो गेलाच.

तोवर घरून मिस्त्रींच्या पत्नी, म्हणजे भाभी, आल्या होत्या. भाभींचं माहेर खेड्यातलं, मराठी शाळेत शिकलेल्या, माझ्याशी त्या मराठीतच बोलतात. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि कागदावर लिहिता लिहिता विचारू लागल्या. साखर आहे का, घरात कुणाला हृदयाचा आजार होता का.

“सिगारेट?”

“नाही हो,” भाभी म्हणाल्या. “सुपारीसुद्धा नाही.”

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी सोबत आलेला माणूस, रोजचा सहवास असलेला; दोघांचा दुजोरा घ्यायची त्यांची पद्धत असावी. माझ्या खिशात सिगारेटची डबी होती. मी नुसती मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे मला आजही नीट सांगता येणार नाही, पण त्यांनी कागदावर ‘नाही’ लिहिलं.

त्या आत गेल्यावर भाभी बाकावर बसल्या. म्हणाल्या, “काही खात नाहीत, पीत नाहीत, तरी असं का झालं भाईसाब? सगळं मनात ठेवतात म्हणूनच झालं असणार. घरातसुद्धा कधी मोठ्यानं बोलत नाहीत.”

“हो भाभी,” मी म्हणालो. “स्वभावच तसा आहे त्यांचा.”

दवाखान्यातली सगळ्यात वाईट गोष्ट मी तीच केली. मान हलवण्यापेक्षाही वाईट. कारण त्या क्षणी मला ते खरंच पटलं. कारखान्यात तर सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. तो करमाडचा ऑपरेटर जेवताना म्हणाला, “मिस्त्री आतल्या आत कुढायचा साहेब. तुमच्यासारखं बोलून टाकायला पायजे होतं. तुम्ही दिवसाला आठ-धा ओढता, काय झालंय तुमाला?” सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. सिगारेट दोघांची सारखीच, मग एकाला झालं आणि दुसऱ्याला नाही, ते स्वभावामुळं. हा विचार एखाद्या उबदार शालीसारखा मी अंगावर ओढून घेतला.

मिस्त्री घरी आले. महिन्यातून एका रविवारी मी त्यांना भेटायला जायचो. शहागंजच्या बाजारात गाडी लावायला जागा नसते, लांब लावून चालत जायचो. भाभी चहा करायच्या. बोलायला आमच्याकडं काही नसायचं. निघालो की मिस्त्री मला सोडायला बोळाच्या तोंडापर्यंत यायचे. डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलंच होतं. पहिल्याच भेटीत तिथं उभं राहून ते हळूच म्हणाले, “एक है क्या साब?”

मी दिली.

का दिली, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला त्यांचं वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की माझा हात आपोआप खिशाकडं जातो. दुसऱ्या भेटीत दिली, तिसऱ्या भेटीतही दिली. बाकीच्या दिवशी ते कुठून मिळवत होते मला माहीत नाही, पण मिळवत होते. घरात कुणाला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, म्हणजे त्यांना अडवणारं जगात कुणीच नव्हतं. आणि ज्याला माहीत होतं तो काडी पेटवून देत होता.

त्यांच्या तिसऱ्या तपासणीला मीच गाडीनं घेऊन गेलो होतो. रक्त द्यायला ते आणि भाभी खालच्या मजल्यावर गेले, आणि मी डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरलो. मला त्यांच्याकडून एक वाक्य हवं होतं. तेच, स्वभावाचं. मी म्हटलं, “मॅडम, मी पण ओढतो. बरीच वर्षं. पण मी बोलून मोकळा होतो. म्हणून मला काही झालं नाही का?”

त्यांनी पेन ठेवलं. “तुम्हाला झालं नाही हे कशावरून? अजून दिसलं नाही एवढंच. आणि ओरडणाऱ्याचं हृदय चांगलं राहतं हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“पण स्वभावाचा काही संबंध...”

“असतो ना. पण तुम्ही म्हणता तसा सोपा नाही. अमुक स्वभावामुळं अमुक आजार, असं ठामपणे मी म्हणणार नाही. माणूस सिगारेट का धरतो, ती कशी ओढतो, दुखलं तर सांगतो की गिळतो, सोड म्हटलं तर सोडतो की लपवतो, या सगळ्यात स्वभाव येतो. स्वभावाचा वाटा किती आणि धुराचा किती, असे दोन ढीग करून मला दाखवता येत नाहीत. पण धूर आत गेला की तो कुणाला स्वभाव विचारत बसत नाही.” मग त्यांनी समोरचा कागद पाहिला. “तुम्ही हे तुमच्या मित्राबद्दल विचारताय का? ते तर ओढत नाहीत.”

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. धैर्य वगैरे काही नव्हतं माझ्यात. त्यांनी प्रश्न समोर ठेवला आणि मला पळायला जागा उरली नाही, म्हणून मी सांगितलं. सगळंच. टपरी, फॉर्म, त्यांच्यासमोर हललेली मान, बोळाच्या तोंडावरच्या तीन सिगारेटी.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, तो प्रकार माझ्या ओळखीचा आहे. त्या म्हणाल्या, “स्टेंट बसवून तीन महिने झालेत. या माणसानं ओढणं चालू ठेवलं तर तो परत बंद होऊ शकतो, आणि आता त्यांच्याकडं दुसऱ्या झटक्याएवढी ताकद शिल्लक नाही. मी त्यांच्याशी बोलेनच. पण घरी कळल्याशिवाय ते थांबणार नाहीत. कोण सांगणार घरी?”

त्या दिवशी दोघांना शहागंजात सोडलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला एवढी वर्षं ओरडताय, मला कधी नाही नेलं टपरीवर.” मग थोड्या वेळानं, वेगळ्या आवाजात, “उद्याच जा. रविवारची वाट नका बघू.”

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून थेट शहागंजात गेलो. भाभी चहा ठेवायला उठल्या तर त्यांना बसायला सांगितलं. मिस्त्री पलंगावर टेकून बसले होते. माझा चेहरा पाहूनच त्यांना काय ते कळलं असावं. ते नकारार्थी मान हलवत राहिले, अगदी बारीक. मी त्यांच्याकडं न बघता बोललो. ते सिगारेट ओढतात, मी लावली, परवापर्यंत मीच देत होतो, आता नाही थांबले तर जिवावर बेतेल असं डॉक्टर म्हणतात.

आणि मिस्त्री ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला. तो फाटलेला होता, सवय नसलेल्या माणसाचा. “मेरे घर में आ के बोलते आप? वो डाय आपने चलाने कू बोला था, मैं चुप बैठा. उस दिन डागदर ने पूछा, आप दरवाजे पे खड़े थे, मैं चुप बैठा. किस के वास्ते चुप बैठा मैं? और आज आप बोलते?” त्यांना धाप लागली. भाभींनी त्यांचा हात धरला, पाणी दिलं. ते भिंतीकडं तोंड करून बसले.

मी उभा होतो. माझा हात खिशाकडं गेला नाही, एवढं मात्र आठवतं.

भाभी रडल्या नाहीत. त्या मनाशी काहीतरी जुळवत होत्या. मग म्हणाल्या, “दवाखान्यात त्या बाईंनी विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात ना?”

“हो.”

“आणि मी म्हणाले, मनात ठेवतात म्हणून झालं, तर तुम्ही हो म्हणालात.”

“हो भाभी.”

“मी तीन महिने त्यांना रोज सांगत होते, जरा बोलत जा, बोलत जा. मला वाटलं, तेवढ्यानं बरे होतील.” त्या उठल्या आणि दाराची कडी काढून बाजूला उभ्या राहिल्या. “जा तुम्ही आता.”

या गोष्टीला आठ महिने झाले. मिस्त्रींनी नोकरी सोडली. तपासणीला ते आता रिक्षानं जातात, माझ्या गाडीत बसत नाहीत. यंदाच्या फॉर्मच्या वेळी मी माझ्या लाइनच्या माणसांच्या हातात पेन दिलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. निम्म्यांनी तरी ‘नाही’च लिहिलं असणार. करमाडच्या ऑपरेटरनं ‘हो’ लिहिलं, ईसीजी काढायला बसला आणि मला ऐकू जाईल असं म्हणाला, “माल लेट झाला तर माझ्याकडं बघू नका साहेब.” माझं स्वतःचं सांगायचं तर दोनदा सोडली आणि दोनदा परत धरली. सध्या सोडलेली आहे. ओरडणं कमी झालं आहे असं लोक म्हणतात. मला त्याची खात्री नाही.

दर महिन्याच्या तपासणीनंतर मी भाभींना फोन करतो. पहिले दोन महिने त्यांनी उचलला नाही. आता उचलतात, दोन वाक्यांत सांगतात आणि ठेवतात. डॉक्टरबाईंकडं मिस्त्रींनी सगळं कबूल केलं, गोळ्या चालू आहेत, सिगारेट बंद आहे. भाभी रोज खिसे बघतात. हृदयाची ताकद जेवढी उरली आहे तेवढीच आहे, वाढणार नाही. गेल्या आठवड्यात मी धीर करून विचारलं, “बोलतात का काही?”

“बोलतात की,” भाभी म्हणाल्या. “आता तर लई बोलतात. मला बोलतात, दूधवाल्याला बोलतात, परवा रिक्षावाल्याशी भांडले. तुमचा फोन आलाय म्हटलं की तेवढे गप्प बसतात.”